दुगाण्या आणि चाबूक

भरधाव सुटलेला तरणा घोडा मध्येच मान खाली घालून, पाठीची कमान करून दुगाण्या झाडू लागला, की आपण त्याला ‘खोडकर’ ठरवतो आणि चाबूक उगारतो. मला हे पटत नाही. उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असते. स्वाराचा भारही बराचसा तिकडेच जातो. तोल सावरायला लागणारे पाठीचे बळ कोवळ्या वयात कुठले? त्यात तंग करकचून आवळलेला! मोकळ्या कुरणात उधळणारे शिंगरू मात्र बहुधा नुसते खेळत असते. मग मालकाने एकच प्रयोग करावा. खोगीर उतरवून घोडा पळवावा. दुगाण्या थांबल्या, तर आधी खोगीर नीट तपासावे, मग स्वाराची बैठक.