चोर, चिनी की परग्रहावरचे?

2024 च्या पावसाळ्यात आमच्या आष्टीकडे जेवणं उरकली की माणसं माळवदावर चढायची. आभाळात लाल-हिरवी लुकलुक दिसली, बारीक घरघर ऐकू आली, की देवळाच्या भोंग्यावरून हाळी सुटे, आणि पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन बाहेर. जालना, संभाजीनगर, नगरकडेही तेच. चोर आधी ड्रोननं घरं हेरतात, असं गावानं ठरवूनच टाकलेलं. (बंद घराचं कुलूप रस्त्यावरूनही दिसतं, त्यासाठी ड्रोन कशाला, हे कुणी विचारलं नाही.) मनोज जरांगे यांच्या मराठा आरक्षण आंदोलनाच्या गावी, अंतरवाली सराटीत, मात्र त्याच उजेडाला लोक पाळत म्हणाले आणि विषय विधानसभेत गेला.

ज्याला ज्याची धास्ती, त्याला आभाळात तेच दिसतं. अमेरिकेत मोंटानाच्या माल्मस्ट्रोम तळावर 1967 च्या मार्चमध्ये दहा अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रं एकाएकी बंद पडली. हवाई दलाच्या तपासाचा रोख विजेच्या यंत्रणेतल्या बिघाडाकडे होता. तिथले माजी अधिकारी रॉबर्ट सालास मात्र वर्षानुवर्षं सांगत आले की तेव्हा पहारेकऱ्यांना तळावर तेजस्वी वस्तू दिसली होती. तिकडे संशय थेट परग्रहावर.

आपल्या जवानांचा अर्थातच चीनवर. 2012-13 मध्ये लडाखला पँगाँग सरोवरापाशी त्यांनी अशा उजेडांच्या 329 नोंदी केल्या. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेचे शास्त्रज्ञ गेले, वेळ आणि दिशा ताडून पाहिली, तर निघाले गुरू आणि शुक्र! यात हसण्यासारखं काही नाही. विरळ हवेत, सीमेवर, रात्री दोनला पहारा देणाऱ्यानं शुक्रावरही संशय घ्यावा. त्यांनी नीट टिपून ठेवलं, म्हणूनच उत्तर सापडलं.

आणि सगळंच भास असतं असंही नाही. 2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी विदर्भाच्या आभाळातून जळते गोळे गेले, तेव्हा चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचं असावं, असं जाणकारांचं म्हणणं.

मला भीती उजेडाची नाही, खाली जमणाऱ्या गर्दीची आहे. 1 जुलै 2018 ला धुळ्याच्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागायला आलेले. तिथे ड्रोन नव्हतं, नुसता मोबाइलवर फिरणारा मजकूर होता.

तेव्हा पुन्हा काही दिसलं तर वेळ, दिशा, आवाज आणि दिवा लुकलुकत होता की स्थिर, एवढं कागदावर लिहा आणि 112 ला कळवा. आणि त्या रात्री गावात कुणी अनोळखी दिसला, तर त्याला हात लावू नका.