भाकरी बांधून इतिहासाकडे

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वाट्याला वर्षातून एकदा का होईना, सहल येते. ज्यांची शाळा मध्येच सुटली, त्यांच्या वाट्याला तीही येत नाही. पाटी-पुस्तक सुटल्याची हळहळ सर्वांना वाटते. पण गड, लेणी, जुनी मंदिरे पाहण्याची संधीही त्याच वेळी हातून निसटते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. ही उणीव कुटुंबाने भरून काढायला हवी, आणि अल्प खर्चात ती भरून निघू शकते.

‘सहल’ हा शब्द उच्चारताच आज भाड्याची मोटार, उपाहारगृहातील जेवण आणि मुक्काम डोळ्यांसमोर येतो. सहलीची ही कल्पना अलीकडची आहे. काहीशी बाजाराने शिकवलेली आहे. एका दिवसाचा प्रवास मराठी माणसाला नवा नाही. जत्रेला निघालेले कुटुंब भाकरी, चटणी, कांदा फडक्यात बांधून घेते, झाडाच्या सावलीत जेवते आणि दिवेलागणीला घरी परतते. पुणे जिल्ह्यातील कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरा देवीच्या दर्शनासाठी मुंबई-कोकणातील असंख्य कोळी-आगरी कुटुंबे अशीच येतात. देवीच्या मंदिरालगतच भारतातील सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह उभे आहे. देवदर्शन आटोपून तसेच पायऱ्या उतरणे म्हणजे दारापर्यंत जाऊन घर न पाहता परतणे होय.

खर्चाचा हिशेब अवघड नाही. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरले, की एका बाजूला भाजे आणि दुसऱ्या बाजूला कार्ले, अशी दोन्ही लेणी एका दिवसाच्या टप्प्यात येतात. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या या ठिकाणी प्रौढांना माणशी २५ रुपये तिकीट आहे आणि पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलांना तिकीट लागत नाही. राज्य परिवहनाच्या बसमध्ये महिलांना २०२३ पासून निम्मे भाडे आहे. एवढ्यावर घरची शिदोरी असली, म्हणजे पुरे.

खरी अडचण पैशाची नसतेच. ‘आम्हीच शिकलेलो नाही, मुलांना काय सांगणार?’ हा संकोच आईवडिलांचे पाऊल अडवतो. इतिहास म्हणजे सनावळी आणि राजांची नावे, असा समज या संकोचाच्या मुळाशी आहे. वस्तुतः जुनी वास्तू हे हातांनी केलेले काम आहे, आणि हातांचे काम ज्याला कळते, त्याला ती वास्तूही कळू लागते.

कार्ल्याचेच उदाहरण घ्यावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अखंड कातळात कोरलेल्या या सभागृहाच्या छताला लाकडी कमानी बसवलेल्या आहेत. विद्वान त्यावर ग्रंथ लिहितात. पण आयुष्यभर वासे बसवणारा सुतार छताकडे पाहून क्षणात विचारील, ‘वर सगळा डोंगर एकसंध आहे, मग या लाकडांवर भार कशाचा?’ प्रश्न अगदी बिनतोड आहे. भार कशाचाच नाही. पूर्वी अशी सभागृहे लाकडात बांधली जात. ती दगडात कोरताना कारागिरांनी जुने रूप सोडले नाही. समोरच्या भाज्याच्या लेण्यात तर दगडी खांबसुद्धा लाकडी खांबांप्रमाणे आतल्या बाजूला किंचित कलते ठेवले आहेत. हे कलणे पाथरवटाच्या, गवंड्याच्या डोळ्यांतून सुटणार नाही. डोंगरात खोदलेल्या टाक्यांत पाणी कोणत्या वाटेने येते, हे शेतात राबणारी आई मुलांना दाखवू शकेल.

कार्ल्याच्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीत कोरलेले काही लेख आहेत. त्यांतील एक लेख सांगतो, की धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराने तेथील दाराचे काम केले. राजे-महाराजांच्या नावांनी भरलेल्या इतिहासात एका सुताराचे नाव असे दगडावर टिकून राहिले आहे. आपल्या बापाच्या धंद्याचा माणूस इतिहासात आहे, हे ज्या मुलाला त्या दारात उभे राहून कळेल, त्याच्या मनात बापाविषयी जी भावना जागेल, ती कोणत्याही पुस्तकाने जागवणे कठीण. (सामीचे नाव कामापोटी आले. आज भिंतींवर खिळ्याने स्वतःची नावे कोरणाऱ्यांनी केलेले कोणतेही काम तेथे दिसत नाही. शिवाय १९५८ च्या कायद्यानुसार तो गुन्हा आहे.)

एका दिवसात पाच ठिकाणे उरकण्याची घाई मात्र करू नये. थकलेल्या मुलाला इतिहास नकोसा होतो. सकाळी लवकर पोहोचावे, ऊन चढण्यापूर्वी डोंगर चढावा, दोन तास निवांत पाहावे आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. उत्तर ठाऊक नसल्यास तसे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही. मोबाइलवर छायाचित्रे काढण्यातच वेळ घालवणारे सुशिक्षित पर्यटक याहून फारसे अधिक पाहतात, असे नाही. निघण्यापूर्वी सुटीचा वार तेवढा विचारून घ्यावा. वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही अशी ठिकाणे जवळ सापडतील. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी जिंजी हा किल्ला तमिळनाडूत आहे. त्याच राज्यातील तंजावरचे बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाने बांधले. तेथे प्रवेशासाठी तिकीट नाही. या मंदिराच्या आवारातील भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो प्रदीर्घ लेख देवनागरी लिपीत आहे. दोनशे वर्षांपूर्वीची भाषा सगळी उलगडणार नाही. पण प्रौढ वयात नुकतीच अक्षरओळख झालेल्या आईला त्यातील एखादी ओळ बोट न लावता, दुरून, सावकाश वाचता येईल, आणि शेजारी उभे असलेले तिचे मूल ती ऐकेल.