घरच्या विमानाच्या चाकांना ‘बूट’ कशासाठी?

अमेरिकेत ओशकोशला दर जुलैत घरी बांधलेल्या विमानांची जत्राच भरते. त्यातल्या अनेकांची चाकं आत ओढली जात नाहीत, खालीच लटकतात. चाकामागे हवेचे भोवरे तयार होतात आणि वेग घटतो. म्हणून त्यावर थेंबाच्या आकाराचं आवरण.

थर्माकोल कोरायचा, त्यावर फायबरग्लासचं कापड इपॉक्सीने बसवायचं, सुकल्यावर थर्माकोल काढून टाकायचा. स्वस्तातलं पॉलिएस्टर रेझिन वापरलं, तर साचाच विरघळतो!

खरी मेख टायरभोवतीच्या फटीत आहे. फट लहान असेल तर हवेचा अडथळा कमी. पण गवताच्या धावपट्टीवर चिखल अडकून चाक जाम होऊ शकतं. तिथल्या नियमानुसार निम्म्याहून जास्त काम हौशीनेच करायचं, त्यामुळे हा हिशेबही त्याचाच. चिखलाच्या दिवसांत अनेक वैमानिक ही आवरणं सरळ काढूनच ठेवतात.