लहरी कोणाच्या, खोका कोणाचा?

३१ मार्च २०२२ ही तारीख कोणाच्या स्मरणात राहिली असेल, असे वाटत नाही. सामरिक महत्त्वाची सुमारे पन्नास ठिकाणे वगळता दूरदर्शनची जमिनीवरून होणारी जुन्या पद्धतीची, म्हणजे अ‍ॅनालॉग, प्रक्षेपणे या तारखेपर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे प्रसार भारतीने ठरविले होते, आणि त्याप्रमाणे ती बंद झाली. चौदाशेच्या आसपास पोचलेले हे जाळे उभारताना किती गाजावाजा झाला होता! १९८४ साली, लोकसभेची निवडणूक तोंडावर असताना, काही महिने तर दररोज सरासरी एक नवे सहक्षेपण केंद्र सुरू होत होते. उद्घाटनाला मंत्री येत, फिती कापल्या जात. केंद्रे बंद होताना मात्र यंत्र थांबविणारा अभियंता आणि कुलूप लावणारा पहारेकरी एवढेच लोक हजर असावेत. संसदेत त्यावर चर्चा रंगली नाही, रस्त्यावर मोर्चा निघाला नाही, आणि डाव्या-समाजवादी पक्षांनीही या विषयाकडे ढुंकून पाहिले नाही.

असे का झाले, याचे एक उत्तर सोपे आहे. तोपर्यंत शहरांतून केबल आली होती, खेड्यांतून छपरावर तबकड्या बसल्या होत्या, आणि गच्चीवरच्या अँटेनाला कावळ्याखेरीज कोणी विचारीत नव्हते. परंतु हे उत्तर अर्धेच आहे. ज्यांच्याजवळ केवळ अँटेना उरला होता ते संख्येने थोडे होते, तसेच ते सर्वांत गरीब, सर्वांत वृद्ध आणि सर्वांत दूरच्या वस्तीवरचे होते. अशांचे मौन ही संमती समजण्याची शासनकर्त्यांची रीत फार जुनी आहे.

नव्या तंत्राला विरोध करणे हा समाजवाद्यांचा कार्यक्रम असू शकत नाही, हे प्रथमच स्पष्ट करावयास हवे. ज्या लहरपट्ट्यावर अ‍ॅनालॉग पद्धतीत एकच कार्यक्रम पाठविता येतो, त्याच पट्ट्यावर डिजिटल पद्धतीत अनेक कार्यक्रम सामावतात. तेवढ्याच सेवेला वीज कमी लागते, चित्र स्वच्छ येते. लहरी ही मर्यादित राष्ट्रीय संपत्ती असेल तर तिचा काटकसरीने वापर करणारे तंत्र स्वीकारणे हे शहाणपणाचेच होय. अर्थात त्यात एक खोच आहे. जुन्या पद्धतीत केंद्रापासून दूर गेले की चित्रावर मुंग्या येत, पण बातम्या कानावर पडत. नव्या पद्धतीत चित्र एका मर्यादेपर्यंत निर्दोष असते आणि तिच्या पलीकडे एकदम नाहीसे होते. काठावरच्या माणसाला थोडेबहुत तरी देणाऱ्या पद्धतीच्या जागी त्याला सर्व किंवा काहीच न देणारी पद्धत येते. तंत्रातला हा गुण समाजव्यवस्थेतही उतरू द्यावयाचा की नाही, हा निर्णय तंत्रज्ञांचा नाही. तो राजकीय निर्णय आहे आणि तो राजकीय निर्णय म्हणूनच घेतला जायला हवा होता.

भारतात तो दोन वेळा घेतला गेला, एकदा केबलच्या बाबतीत आणि एकदा दूरदर्शनच्या. दोन्हींची हकीगत बोधप्रद आहे.

केबलचे डिजिटलीकरण सक्तीचे करणारी दुरुस्ती २०११ साली झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांना प्रथम ३० जून २०१२ ही मुदत होती, ती ३१ ऑक्टोबरपर्यंत वाढविण्यात आली. पुणे, नागपूर, नाशिक यांसह ३८ शहरांना ३१ मार्च २०१३ ही तारीख मिळाली. उरलेला नागरी भाग २०१५ अखेर आणि ग्रामीण भाग २०१७ च्या मार्चपर्यंत कसाबसा आटोपला. कारण असे सांगितले गेले की, प्रेक्षकाला निवड मिळेल, हवी ती वाहिनी घ्यावी आणि तिचेच पैसे द्यावेत. खरे कारणही कोणी फारसे लपविले नव्हते. गल्लीतला केबलवाला आपले ग्राहक कमी दाखवीत असे. पाचशे घरांत तार नेऊन शंभर घरांचाच हिशेब वर पाठविला की वाहिन्यांचे मालक बुडत आणि शासनाचा करही बुडे. प्रत्येक घरात खोका बसला की प्रत्येक घर मोजले जाणार होते. करचुकवेगिरी थांबविण्याचा हेतू वाईट नव्हता. प्रश्न एवढाच की, मोजणीचे यंत्र ज्यांच्या फायद्यासाठी बसवावयाचे त्यांनी त्याची किंमत द्यावी, की ज्याची मोजणी व्हायची त्याने?

किंमत दिली ती प्रेक्षकाने. हजार रुपयांच्या घरातला तो खोका त्याने विकत घेतला, आणि विकत घेऊनही तो त्याच्या मालकीचा असल्यासारखा झाला नाही. एका कंपनीचा खोका दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर चालत नाही. कंपनी बदलावयाची तर खोका टाकून द्यावयाचा. कोणताही खोका कोणत्याही सेवेवर चालला पाहिजे अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२० साली केली, तोपर्यंत देशभर कोट्यवधी खोके बसून चुकले होते. गाडी विकून झाल्यावर रस्त्याचा नियम करण्याचा हा प्रकार झाला.

आणि निवड? २०१९ साली नवी दररचना अमलात आली. तीत पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी नुसते जोडणीभाडेच दरमहा १३० रुपये ठरले, अठरा टक्के वस्तू व सेवा कर धरून १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. वाहिन्या सुट्या घेण्याची मुभा कागदावर होतीच, पण सुट्या वाहिन्यांचे दर आणि त्यांच्या गाठोड्यांचे दर यांत मालकांनी असे अंतर ठेवले की शहाणा माणूस गाठोडेच उचलील. पुढे त्याच भाड्यात दोनशे वाहिन्या द्याव्यात असे ठरले. २०२४ च्या जुलैत तर नियामकाने जोडणीभाड्यावरील मर्यादाच काढून घेतली आणि दर बाजारावर सोपविला. येथे २००६ अखेरची आठवण द्यावयास हवी. त्या वेळी मुंबई, दिल्ली आणि कोलकात्याच्या काही भागांत खोक्याची पद्धत आली तेव्हा निःशुल्क वाहिन्यांसाठी ७७ रुपये आणि सशुल्क वाहिनीला कमाल ५ रुपये अशी मर्यादा शासनयंत्रणेनेच घातली होती. म्हणजे नियंत्रण अशक्य होते असे नाही. ते नकोसे झाले.

या सर्व व्यवहारात केबलवाला हा खलनायक ठरविण्यात आला. तो धुतल्या तांदळासारखा होता असे कोणी म्हणणार नाही. गल्लीतली दादागिरी आणि प्रतिस्पर्ध्याच्या तारा कापणे हेही त्याच धंद्यातले. परंतु हजारो बेकार तरुणांनी कर्ज काढून उभारलेला तो स्वयंरोजगारही होता. आज त्यांतले बहुसंख्य मोठ्या वितरण कंपन्यांचे वसुली कारकून झाले आहेत, आणि पावसात इमारतीच्या कठड्यावरून तार ओढणारा पोऱ्या पूर्वी होता तेथेच आहे. त्याला ना हातमोजे, ना विमा, ना संघटना.

दूरदर्शनच्या बाबतीत जे झाले ते अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्याचे एकतर्फी वर्णन करणे अन्यायाचे होईल. जमिनीवरची डिजिटल प्रक्षेपणे २०१६ साली मुंबई आणि औरंगाबादसह सोळा शहरांत सुरू झाली खरी, पण ती पकडणारे संच बाजारात सक्तीचे केले गेले नाहीत. दुकान उघडले आणि गिऱ्हाइकाच्या वाटेवर पूल बांधला नाही, तेव्हा गिऱ्हाईक आले नाही यात नवल ते काय? खरा आधार झाली ती २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली, आज ‘फ्री डिश’ या नावाने ओळखली जाणारी उपग्रह सेवा. एकदा तबकडी आणि खोका घेतला की मासिक भाडे नाही. आज चार कोटींहून अधिक घरे या सेवेवर आहेत असा अंदाज केला जातो. केबलच्या बिलाला कंटाळलेला शेतमजूर आणि झोपडपट्टीतला कामगार तिकडे वळला. सार्वजनिक क्षेत्रावर रोज शोकसभा भरविणाऱ्या अर्थपंडितांना हे यश दिसत नाही. परंतु या सेवेतील खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने विकल्या जातात. शेतकऱ्यांची, शिक्षकांची वा विद्यापीठाची एखादी स्वतंत्र वाहिनी त्या लिलावात कशाच्या बळावर उभी राहणार? आणि पश्चिम किनाऱ्यावर मुसळधार पावसात उपग्रहाचा क्षीण संकेत तबकडीपर्यंत पोचत नाही, हा कोकणातला दरवर्षीचा अनुभव आहे. वादळाची सूचना ज्या दिवशी हवी, त्याच दिवशी पडदा कोरा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा वीज आणि दूरध्वनीही गेले आणि बॅटरीवरच्या रेडिओचे महत्त्व पुन्हा पटले. आकाशवाणीच्या मध्यमलहरींनाही डिजिटल करण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत. तेथेही संच आधी आणि कुलूप नंतर, हा क्रम पाळला जातो की नाही यावर लक्ष ठेवावे लागेल.

जुन्या दूरदर्शनविषयी हळवे होण्याचे मात्र कारण नाही. आणीबाणीत ते सत्तेचे मुखपत्र होते. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी रामलीला मैदानावर जयप्रकाश आणि जगजीवन राम यांची सभा होती. लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून त्या संध्याकाळी ‘बॉबी’ चित्रपट दाखविण्यात आला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. लहान सहक्षेपण केंद्रेही दिल्ली-मुंबईचेच कार्यक्रम पुढे ढकलीत. स्थानिक माणसाला त्यांत जागा नव्हती. याहून वेगळे काही करता येते हे १९७५-७६ साली दिसले होते. त्या वर्षी ‘साइट’ प्रयोगाने सहा राज्यांतील २४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविले आणि गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज येथील छोट्या केंद्रावरून गावकऱ्यांच्याच प्रश्नांवर, त्यांच्याच बोलीत कार्यक्रम झाले. ते केंद्र पुढे टिकले नाही. तंत्र हाताशी असूनही त्या वाटेने न जाणे ही निवड होती, आणि ती डिजिटलच्या पुष्कळ आधी झाली होती.

भांडवलशाही देशांनीही हा बदल याहून अधिक माणुसकीने केला, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. अमेरिकेने प्रत्येक कुटुंबाला परिवर्तक खोक्यासाठी चाळीस डॉलरची दोन कुपने देऊ केली. तरीही गरीब व वृद्ध लोक तयार नाहीत असे दिसताच १७ फेब्रुवारी २००९ ही ठरलेली तारीख कायदा करून १२ जूनवर नेली. ब्रिटनने २००७ ते २०१२ अशी पाच वर्षे प्रांताप्रांताने बदल केला आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांच्या व अपंगांच्या घरी खोका बसवून देण्याची व्यवस्था परवानाशुल्काच्या पैशातून केली. दोन्ही देशांना रिकाम्या झालेल्या लहरींचा मोबदला हवा होता, हेही खरे. अमेरिकेने त्या लहरींचा लिलाव २००८ सालीच उरकून सुमारे एकोणीस अब्ज डॉलर मिळविले होते. पण त्या मिळकतीचा एक वाटा तरी संच निकामी झालेल्यांकडे परत गेला.

रिकाम्या होणाऱ्या लहरी हाच या विषयाचा गाभा आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या प्रकरणात निकाल दिला. त्यातील मुख्य निकालपत्र महाराष्ट्राचे सुपुत्र न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिले. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियमन जनहितासाठी, सरकारपासून स्वतंत्र अशा सार्वजनिक प्राधिकरणाने करावयास हवे, असे त्यात म्हटले आहे. सरकारी मक्तेदारी नको, तशीच धनिकांचीही नको, असा त्याचा दुहेरी अर्थ होता. निकालाचा पहिला अर्धा भाग खासगी वाहिन्यांनी तोंडपाठ केला. दुसरा अर्धा कोणी वाचलाच नाही. आज दूरदर्शनच्या लहरपट्ट्यावरून, ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झच्या दरम्यान, थेट मोबाइलवर कार्यक्रम पाठविण्याची योजना पुढे आली आहे, आणि १९ शहरांत तिच्या चाचण्या घेण्याचा मानस २०२४ च्या जानेवारीत जाहीर झाला होता. दूरसंचार कंपन्यांचा तिला विरोध आहे. विनामूल्य प्रक्षेपण झाले तर डेटा विकला कसा जाणार? त्यांना तोच पट्टा लिलावात हवा आहे. दुसऱ्या बाजूला, या योजनेसाठी फोनमध्ये वेगळी चिप लागेल आणि तिची किंमत पुन्हा ग्राहकाच्याच माथी येईल. म्हणजे २०१२ च्या खोक्याची कथा खिशातल्या यंत्रात नव्याने सुरू होईल.

तेव्हा निर्णय होण्यापूर्वीच पक्षाने आपली मागणी मांडली पाहिजे. हा पट्टा सार्वजनिक प्रक्षेपणासाठी राखीव राहावा. त्यातील ठरावीक वाटा राज्यांच्या भाषांना, शिक्षणसंस्थांना आणि आपत्तीच्या सूचनांना लिलावाविना मिळावा. प्रत्येक दूरचित्रवाणी संचात निःशुल्क प्रक्षेपण पकडण्याची सोय अंगभूत असावी. उपग्रह संकेत पकडणाऱ्या संचांचे मानक भारतीय मानक ब्युरोने तयार केलेच आहे, ते ऐच्छिक राहू नये. खोका कोणत्याही कंपनीच्या जोडणीवर चालावा. प्रसार भारती कायद्यात खासदारांच्या समितीची आणि तक्रारी ऐकणाऱ्या प्रसारण परिषदेची तरतूद १९९० पासून आहे, ती कागदावरून खाली उतरावी.

ही कामे दिल्लीतली झाली. तालुक्यातले कार्यकर्ते त्यांची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. २०२३ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसारणाच्या विकासासाठी २५३९ कोटी ६१ लाख रुपयांची योजना मंजूर केली, आणि तीत दुर्गम, आदिवासी व सीमाभागांत आठ लाखांहून अधिक फ्री डिश खोके विनामूल्य वाटावयाचे ठरले. त्यांपैकी किती खोके नंदुरबार आणि गडचिरोली जिल्ह्यांत आले, कोणत्या गावात, कोणाच्या घरी, आणि आज ते चालू आहेत की नाहीत, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो.