घरातले नेट कोणाचे?



सातबारा कोणाच्या नावावर, रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख कोण, घरपट्टीच्या पावतीवर कोणाचे नाव, हे प्रश्न आपल्या चळवळीने फार पूर्वी विचारले. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम घेतली तेव्हा जमिनीचा तुकडा घरच्या बाईच्या नावावर करणे म्हणजे काय, यावर गावोगाव चर्चा झाली. १९९४ साली महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि तोवर अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्माने वाटा मिळाला. या यादीत आता आणखी एका गोष्टीची भर घालायला हवी. ती डोळ्यांना दिसत नाही आणि तिची वाटणी कोणी कागदावर करत नाही. ती म्हणजे घरातले इंटरनेट.

वस्तीत काम करताना मला दिसणारे चित्र साधारण असे असते. खोली भाड्याची असते. तारेचे कनेक्शन घ्यायचे तर घरमालकाची परवानगी हवी, अनामत हवी, महिन्याचे बिल हवे. त्यामुळे सगळ्या घराचे नेट म्हणजे एक मोबाइल आणि त्यातले एक सिम. मुलीला कॉलेजसाठी घेतलेला जुना लॅपटॉप, मुलाचा कॉम्प्युटर, आईचा सिम नसलेला, दुसऱ्याने वापरून दिलेला फोन, हे सारे त्या एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते. आणि तो मोबाइल बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या खिशात असतो. तो सकाळी कामावर निघाला की नेटही त्याच्याबरोबर निघते. मुली अगदी सहज सांगतात, "ताई, पप्पा आले की मग फॉर्म भरते." शिष्यवृत्तीची मुदत रात्री बाराला संपणार असते आणि पप्पांची पाळी सुटते दहाला. हे वाक्य ऐकून कोणालाच काही खटकत नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते.

हा प्रश्न चार घरांपुरता नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ या वयोगटात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया देशात ३३.३ टक्के होत्या आणि पुरुष ५७.१ टक्के. स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५३.९ टक्के होत्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायकांकडे तोही नव्हता. मात्र "घरात नेट आहे का?" असे विचारले तर यातल्या अनेक घरांचे उत्तर "आहे" असेच येईल. पाण्याच्या बाबतीत आपण हे शिकलो आहोत. नळ दारात आहे एवढ्याने भागत नाही. तो कोण सोडतो, किती वेळ सोडतो आणि हंडा कोणाचा आधी भरतो, हेही विचारावे लागते.

हे विचारायचे तर यंत्रणा थोडी समजून घ्यायला हवी. "त्यातलं आम्हाला काय कळतंय" असे म्हणायची सवय आपल्याला लावलेली आहे. ती मोडली पाहिजे.

हॉटस्पॉट सुरू केला की मोबाइल दोन कामे करतो. टॉवरकडून आलेले नेट घेतो आणि वायफायने आजूबाजूच्या कॉम्प्युटरना वाटतो. बाहेरच्या जगाला पत्ता एकच दिसतो, मोबाइलचा. घरातल्या प्रत्येक यंत्राला मोबाइल आतला एक वेगळा क्रमांक देतो आणि कोणी काय मागवले ते लक्षात ठेवून ज्याचे त्याला पोचवतो. चाळीचा पत्ता एक असला तरी टपाल ज्या त्या खोलीत जाते, तसेच हे. त्यामुळे एका सिमवर दोन-तीन कॉम्प्युटर चालणे यात अवघड काहीच नाही. अडचण येते ती वाट्याची. रोज दीड-दोन जीबीचा प्लॅन असेल तर तेवढ्यातच सगळ्यांचे भागवायचे. साध्या प्रतीचा व्हिडिओ तासाला सुमारे पाऊण जीबी खातो, एचडी प्रतीचा तीन जीबीपर्यंत जाऊ शकतो. मुलाने दुपारी एक सिनेमा पाहिला की संध्याकाळी बहिणीच्या तासाला काही उरत नाही. मर्यादा संपल्यावर बहुतेक प्लॅनमध्ये वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर येतो. त्या वेगाने साधा फॉर्मही उघडताना जीव जातो. कॉम्प्युटर आपणहून अपडेट उतरवून घेत असेल तर कोणी काही न पाहताच डेटा संपतो. विंडोजमध्ये त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते 'मीटर्ड कनेक्शन' म्हणून नोंदवले की ही गळती बरीच थांबते.

वाटण्याचे मार्गही एकापेक्षा अधिक आहेत. एकच कॉम्प्युटर असेल तर मोबाइल केबलने जोडून नेट देता येते. वायफाय लागत नाही आणि फोन चार्जही होत राहतो. डोंगल एका कॉम्प्युटरला लावून त्याच्यामार्फत दुसऱ्याला नेट देता येते, पण मग पहिला कॉम्प्युटर बंद झाला की दुसऱ्याचेही नेट जाते. तिसरा मार्ग म्हणजे सिम घालायचा छोटा राउटर. तो घरातच राहतो, कोणाच्या खिशातून बाहेर जात नाही. शिवाय त्यावर जोडलेले दोन कॉम्प्युटर एकमेकांना फाइल देतात किंवा एकच प्रिंटर वापरतात, तेव्हा त्याला सिममधला डेटा लागत नाही. माझ्या मते खर्च थोडा वाढला तरी बचत गटाने, महिला मंडळाने आणि जमेल त्या घराने हा तिसरा मार्ग धरावा. नेट खिशातून निघून घराच्या फळीवर आले, एवढ्या बदलानेही मुलीची सकाळ मोकळी होते.

पण राउटर फळीवर आला म्हणजे सत्ताही आली असे नाही. सिम कोणाच्या आधारवर घेतले, रिचार्ज कोण करते आणि पासवर्ड कोण बदलू शकते, या तीन प्रश्नांत खरी मालकी असते. भांडण झाले की पासवर्ड बदलायचा, असा प्रकार आता आमच्या समुपदेशनात वारंवार ऐकू येतो. पूर्वी रागाने गॅस सिलिंडर बंद करायचे, घरखर्चाचे पैसे द्यायचे नाहीत, त्यातलाच हा नवा प्रकार. जिचा फोन फक्त घरच्या वायफायवर चालतो, तिला त्या क्षणी माहेरी किंवा मैत्रिणीला निरोपही देता येत नाही. घरातून शिवणकामाच्या ऑर्डरी घेणारीची त्या दिवसाची कमाई बुडते.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आर्थिक छळाची व्याख्या करताना, कौटुंबिक नात्यामुळे जी साधने व सोयी वापरण्याचा स्त्रीला हक्क आहे त्यांपासून तिला रोखणे, हेही त्यात धरले आहे. घरातले नेट ही अशीच सोय आहे, असे माझे ठाम म्हणणे आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवताना "पासवर्ड बदलला, नेट तोडले" हे तारखेसकट लिहून घ्यायला आपण कार्यकर्त्यांनी सुरुवात केली पाहिजे. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी मोबाइल वापरायला बंदी होती, तिच्याविरुद्ध ती उभी राहिली होती. वसतिगृहाला जे लागू होते ते घराच्या उंबरठ्यावर थांबावे का, याचा विचार आपण करायचा आहे.

आणखी एक गोष्ट. ज्याचा हॉटस्पॉट, त्याला कोणकोणती यंत्रे जोडली आहेत ते दिसते. राउटर ज्याच्या ताब्यात आहे त्याला, कोणत्या संकेतस्थळांना भेट दिली त्यांची नावे कळू शकतात. सुरक्षित संकेतस्थळावर आपण काय वाचले किंवा लिहिले ते मात्र त्याला सहसा दिसत नाही. यात घाबरण्यासारखे काही नाही, पण घरात हिंसा सोसणाऱ्या बाईने मदतीची माहिती शोधताना हे ध्यानात ठेवावे. शक्य असेल तर दुसऱ्या फोनवरून, संस्थेच्या किंवा मैत्रिणीच्या नेटवरून शोधावे. १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक पाठ असावा. त्याला नेट लागत नाही.

म्हणून येत्या तीन महिन्यांत गटाच्या बैठकींत हा विषय घ्यावा, अशी विनंती आहे. प्रत्येकीने सांगावे: घरात नेट कोणाच्या सिमवर, पासवर्ड कोणाला माहीत, दिवसात आपल्या वाट्याला किती वेळ येते. 'संचार साथी' या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहता येते. ते एकत्र बसून पाहावे. कधीकधी बाईच्या नावावर सिम असते आणि तिलाच ते ठाऊक नसते. तिच्या नावाचे सिम घरातल्या राउटरमध्ये घालायचे असेल तर रिचार्जचे पैसे घरखर्चातून निघावेत, तिच्या शिवणाच्या कमाईतून नव्हे. हॉटस्पॉट सुरू करणे, पासवर्ड बदलणे, रोजचा डेटा कुठे गेला ते पाहणे, या तीन गोष्टी गटातल्या प्रत्येक बाईच्या हाताला याव्यात. एकीने दुसरीला शिकवावे. घरातल्या मुलाला "जरा करून दे रे" म्हणू नये.

घरकामाची वाटणी मागताना आपल्याला "एवढ्याशा गोष्टीवरून भांडण कशाला" असे ऐकवले गेले. नेटच्या बाबतीतही तेच ऐकावे लागेल. गोष्ट एवढीशी असेल, तर ती समान वाटायलाही कोणाची हरकत नसावी.

बैठकीत जे निघेल ते आम्हाला जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात ते सगळ्याजणींपुढे ठेवू.