आपलीही एक अभ्यासिका



सिडनीतल्या आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या तयारीची पहिली बैठक गेल्या रविवारी झाली. लेझीम पथकाची यादी वाचताना दिसलं, की सहा नावांपुढे कुणीतरी पेन्सिलने एकच शब्द लिहून ठेवला आहे: 'ट्वेल्थ'. दरवर्षी असंच होतं. इथल्याच मराठी शाळेत मुळाक्षरं गिरवलेली, इथल्याच स्टेजवर मावळे, वारकरी आणि उंदीरमामा झालेली मुलं शेवटच्या वर्षी दिसेनाशी होतात. आईवडील येतात, आरती होते, ते घाईघाईने मोदकांचा डबा भरून घेतात आणि निघताना सांगतात, 'यंदा तिचं एचएससी आहे ना.' आपण समजुतीने मान डोलावतो. या वेळचं संपादकीय त्या मान डोलावण्याविषयी आहे.

'एचएससी' या नावाची एक गंमत आहे. नागपूरला माझ्या माहेरी अजूनही काही जणांचा समज आहे, की सिडनीतसुद्धा पुण्याचंच बोर्ड परीक्षा घेतं. नाव एक, पण बाकी सगळं वेगळं. तिकडे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये, इकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे ऐन सणासुदीत. तिकडे भौतिक-रसायनसारख्या विषयांत ७० गुण लेखीचे आणि ३० प्रात्यक्षिकाचे. इकडे निम्मे गुण शाळेने वर्षभर केलेल्या मूल्यमापनाचे आणि निम्मे शेवटच्या परीक्षेचे. तिकडे बोर्डाने पेपरच्या शेवटी दहा मिनिटं वाढवून दिली आहेत, इकडे पेपर नुसता वाचायला सुरुवातीची पाच-दहा मिनिटं मिळतात. सारखं आहे ते एवढंच: सतरा-अठरा वर्षांचं पोर आणि त्याच्याभोवती चवड्यांवर चालणारं घर.

यंदा फेब्रुवारीत मी नागपूरला ताईकडे होते. भाचीची बारावी. बोर्डाचा पहिला पेपर चार दिवसांवर आलेला. टीव्हीवर चादर टाकलेली, भाऊजी फोनवर बोलायला गच्चीवर जात होते, आणि कुकरची शिट्टी झाली तरी ताई दचकत होती. आणि जिच्यासाठी हा सगळा कर्फ्यू, ती घरात नव्हतीच. ती सकाळीच डबा घेऊन अभ्यासिकेत गेली होती.

नागपुरात अभ्यासिका आता गल्लोगल्ली आहेत. दोन खोल्या भाड्याने घ्यायच्या, फळ्यांचे आडोसे घालून टेबलं मांडायची, प्रत्येकाला एक नंबर आणि एक चार्जिंग पॉइंट. बाहेर पाटी: शांत वातावरण, वायफाय, कूलर, थंड पाणी. महिन्याची फी भरायची आणि बसायचं. काही वाचनालयांच्या आहेत, काही महापालिकेच्या. शहरातल्या कितीतरी बुद्धविहारांतही अभ्यासिका चालतात. घरी एकच खोली असलेल्या मुलांना तिथे टेबल, दिवा आणि शांतता मिळते.

रात्री नऊला मी भाचीला आणायला गेले. दाराबाहेर चपलांच्या तीन रांगा. आत तिसेक माणसं, कुणीही बोलत नव्हतं. एमपीएससीची तयारी करणारे पंचविशी-तिशीतले तरुण, सीएची एक मुलगी आणि मधेमधे ही बारावीची पोरं. येताना मी तिला विचारलं, 'घरी तुझी एवढी छान खोली आहे, मग इथे का?' ती म्हणाली, 'मावशी, घरी सगळे माझ्याकडे बघून राहिले असतात. इथं कोणी बघत नाही, पण सगळे असतात न.'

हे वाक्य मी विमानातून सोबत घेऊन आले, कारण ते ऐकताना मला आमच्या घरची फळांची बशी आठवली होती. दोन वर्षांपूर्वी मुलाचं ट्वेल्थ होतं. तो खोलीत दार लावून बसायचा आणि मी दर तासाला सफरचंद कापून आत जायची. बशी ठेवायची, स्क्रीनकडे एक नजर टाकायची आणि विचारायचं, 'झालं का?' ती बशी म्हणजे आमच्या घरचा सीसीटीव्ही होता. तिकडे त्याने पिवळ्या हायलायटरने अख्खं पुस्तक हळद लावल्यासारखं रंगवून ठेवलं होतं. मला ते पिवळं दिसायचं आणि बरं वाटायचं. निकाल चांगला लागला, पण त्या वर्षी आम्ही मायलेक एकमेकांशी नक्की काय बोललो, हे आठवायला गेलं तर 'झालं का?' आणि 'हो' याच्या पलीकडे फारसं हाती लागत नाही.

माझी स्वतःची बारावी महालातल्या वाड्यात झाली. तेव्हा ओसरीवर आजी असायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे माझं जीवशास्त्राचं पुस्तक ती नुसतं मांडीवर धरायची आणि म्हणायची, 'हं, सांग.' मी पुस्तकाकडे न बघता मराठीत सांगायचे. बेडकाच्या हृदयाला तीन कप्पे असतात म्हटलं, की ती म्हणायची, 'तीनच? मग चौथ्याचं काम कोण करून राहिलं?' मी अडखळायचे, पुस्तक तिच्या हातून ओढून घ्यायचे, वाचायचे आणि पुन्हा सांगायचे. तोवर तिचा डोळा लागलेला असायचा. बेडकाचं हृदय मी आजही विसरलेले नाही.

आजी जे करत होती त्याचा प्रयोग २००६ साली अमेरिकेत झाला. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. आपली मुलं पुन्हापुन्हा वाचतात, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटतं. पुस्तक मिटलं की किती येतं ते कळतं, आणि ते कळणं कुणालाच आवडत नाही. उजळणी म्हणजे ते नावडतं काम रोज थोडं थोडं करणं.

तेव्हा पालकांनी घरी करण्यासारखं पहिलं काम म्हणजे 'झालं का?' सोडून 'मला सांग बरं' म्हणणं. विषय आपल्याला कळला नाही तरी बिघडत नाही. आजीलाही कळत नव्हता. दुसरं, जुन्या प्रश्नपत्रिका. त्या इथल्या बोर्डाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्या घड्याळ लावून, पूर्ण वेळ आणि हाताने सोडवायच्या. इथली मुलं वर्षभर लॅपटॉपवर टाइप करतात आणि बहुतेक पेपर मात्र पेनाने लिहायचे असतात. दुसऱ्या तासाला बोटं भरून येतात, अक्षर बिघडतं, तेव्हा हाताला सवय आत्तापासून हवी. तिसरं, झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात असं झोपेचे डॉक्टर सांगतात. रात्री दोनपर्यंत दिवा जळतो याचं कौतुक आपण नातेवाइकांना सांगणं बंद केलं, तर दिवा आपोआप लवकर मालवेल.

आणि चौथं, एटार, म्हणजे इथे विद्यापीठ प्रवेशासाठी मिळणारा आकडा. आपल्यापैकी बरेच जण अजूनही तो आकडा टक्केवारी समजतात आणि ८० ऐकलं की चेहरा पाडतात. एटार ही टक्केवारी नाही, तो क्रम आहे. ८० म्हणजे आपल्या वयोगटातल्या शंभरातल्या ८० मुलांच्या पुढे. नागपूरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो बारावीच्या टक्क्यांशेजारी ठेवून मोजू नये, हे निदान आपल्याला तरी माहीत असावं.

आकड्यांवरून आठवलं. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झालेल्या एका मुलाला ७५० पैकी २८२ गुण होते. त्याचं नाव भीमराव आंबेडकर. परळच्या चाळीतल्या खोलीत घर दाटीवाटीने राहायचं. वडील, सुभेदार रामजी, मुलाला रात्री लवकर झोपवत आणि दोनच्या सुमारास, सगळं निजलेलं असताना, अभ्यासाला उठवत. पुस्तकांसाठी पैसे नसले तर लेकीचा दागिना मागून आणून गहाण ठेवत. हे घरच्यांनी केलं. पण तो मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. तिथे त्याची गाठ कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांच्याशी पडली. केळुसकर त्याच्या घरचे नव्हते, त्याच्या शाळेतले शिक्षकही नव्हते. एक मुलगा रोज वाचतो आहे हे त्यांनी पाहिलं, चौकशी केली आणि काय वाचावं ते सांगू लागले, पुस्तकं देऊ लागले. पुढे त्याच्या सत्काराच्या वेळी त्यांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हाती ठेवलं. महाविद्यालयीन शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे त्याला घेऊन गेले ते केळुसकरच. महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या पुस्तकामुळे आपण बुद्धाकडे वळलो, असं बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर जे घडलं, त्याचा एक धागा त्या बागेतल्या बाकापर्यंत जातो.

रामजी सुभेदारांची जागा मंडळ घेऊ शकत नाही, ती आईवडिलांचीच. केळुसकर गुरुजींची जागा मात्र आपल्या मुलांच्या आयुष्यात रिकामी आहे. नागपुरात ती भरायला शेजारच्या काकू, वरच्या मजल्यावरचा इंजिनीअरिंगचा दादा, ओसरीवरची आजी, अभ्यासिकेतला एमपीएससीवाला असे कुणी ना कुणी असतात. इथे मुलाचा अभ्यास म्हणजे एक खोली, बंद दार आणि दाराबाहेर दोन काळजीत पडलेली माणसं. मंडळ हे इथलं या मुलांचं गणगोत, आणि नेमकं याच वर्षी आपण त्यांना रजा देतो.

म्हणून कार्यकारिणीने एक साधी गोष्ट ठरवली आहे. मराठी शाळेसाठी आपण शनिवारी जो हॉल घेतो, त्याचं भाडं संध्याकाळी पाचपर्यंतचं भरतो आणि शाळा एकला सुटते. ते चार तास वाया जातात. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपासून शेवटचा पेपर होईपर्यंत तिथे अभ्यासिका चालेल. शिकवणी नाही, हजेरी नाही. फोन दाराशी टोपलीत. पन्नास मिनिटं अभ्यास, दहा मिनिटं सुटी. शेवटचा अर्धा तास जोडीजोडीने पुस्तक मिटून एकमेकांना सांगायचं. विद्यापीठात गेलेली आपली चार मुलं तिथे आपापला अभ्यास घेऊन बसायला तयार झाली आहेत. दर शनिवारी दोन मोठी माणसंही हवी आहेत. त्यांनी आपलं वाचन किंवा विणकाम घेऊन यावं, 'वर्किंग विथ चिल्ड्रन चेक' झालेला असावा, आणि कुणालाही गुण, क्रम किंवा पुढे काय करणार हे विचारू नये. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड जाईल, याची मला स्वानुभवाने कल्पना आहे.

दिवाळीच्या कार्यक्रमाला या मुलांनी आलंच पाहिजे असं नाही. त्यांच्या नावाचे फराळाचे डबे मात्र बाजूला काढलेले असतील आणि ते घरपोच होतील. डबा देणाऱ्याने दारातूनच परतावं.

एक गंभीर गोष्ट. मूल जेवेनासं, झोपेनासं, बोलेनासं झालं, जगण्यात अर्थ नाही असं काही म्हणू लागलं, तर 'परीक्षा झाली की ठीक होईल' म्हणून थांबू नका. मुलांसाठी किड्स हेल्पलाइन १८०० ५५ १८००, मोठ्यांसह सर्वांसाठी लाइफलाइन १३ ११ १४. दोन्ही चोवीस तास सुरू असतात. भारतातल्या भाचरांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा नंबर जवळ ठेवा. महाराष्ट्राचं बोर्डही परीक्षेच्या काळात दरवर्षी समुपदेशकांचे फोन नंबर जाहीर करतं.

ताईशी परवा बोलणं झालं. टीव्हीवरची चादर निघाली आहे. भाचीला किती टक्के पडले ते मी इथे लिहिणार नाही. तसं तिला वचन दिलं आहे.

तेव्हा शेवटच्या शनिवारी, दुपारी एक वाजता. मुलांना सोडा आणि पार्किंगमधूनच परत फिरा. हॉलची किल्ली माझ्याकडे आहे. इथे सध्या संत्र्यांचा हंगाम आहे, एक पेटी मी आणीन. सोलायची मात्र ज्याची त्याने.

आपली,
संपादक