पर्यायी केंद्रे कागदावर नकोत

२४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी राष्ट्रीय शेअर बाजारातील सर्व व्यवहार थांबले आणि ते पुन्हा सुरू होण्यास दुपारचे पावणेचार वाजले. दूरसंचार वाहिन्यांमध्ये बिघाड झाल्याचे कारण त्या वेळी देण्यात आले. वाहिन्या एकाहून अधिक होत्या, त्या पुरविणाऱ्या कंपन्याही दोन होत्या. एवढेच नव्हे, तर मुंबईचे मुख्य केंद्र निकामी झाल्यास कारभार हाती घेण्यासाठी चेन्नईला पर्यायी केंद्र सज्ज होते. तरीही कारभार तेथे नेण्यात आला नाही. ज्या प्रसंगासाठी ते केंद्र उभारले होते, तो प्रसंग आला आणि गेला. वित्तसंस्थांच्या डेटा सेंटरविषयी जो विचार व्हावयास हवा, त्याचे सार या घटनेत आहे. प्रश्न केवळ यंत्रसामग्रीचा नाही. असलेली यंत्रसामग्री वेळेवर वापरण्याची सवय आणि ती न वापरल्यास होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी, हे दोन खरे प्रश्न आहेत.

बँकांच्या संगणकीकरणाला दिशा देणारा रंगराजन समितीचा अहवाल १९८४ मधील. त्या काळी खातेवही शाखेत असे आणि तिचे बरेवाईट झाले, तर झळ त्या शाखेपुरती पोहोचे. आज सर्व शाखांची खातेवही एकाच केंद्रात असते. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या मासिक व्यवहारांनी एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. भाजीवाल्याची दिवसाची कमाई आणि गिरणीमालकाची देणी एकाच जाळ्यातून जाऊ लागली आहेत. अशा वेळी ९९.९ टक्के विश्वासार्हतेची ग्वाही कानाला गोड लागते. परंतु हिशेब मांडला, तर वर्षाकाठी पावणेनऊ तास सेवा बंद राहण्याची ती मुभा ठरते. हे तास महिन्याच्या पहिल्या तारखेला आले, तर काय होईल, हे पगारदाराला सांगावयास नको.

डेटा सेंटरच्या रचनेचे मूलतत्त्व साधे आहे: प्रत्येक आवश्यक वस्तू दुहेरी असावी आणि त्या दोन वस्तूंना एकाच कारणाने धोका पोहोचू नये. तत्त्वाचा पहिला भाग पैसा खर्च करून साधतो. दुसऱ्यासाठी दूरदृष्टी लागते. वीजपुरवठ्याचे दोन मार्ग, बॅटऱ्या, डिझेल जनित्रे, शीतकरणाच्या दोन यंत्रणा हे सर्व असूनही दोन्ही मार्ग एकाच वीजजाळ्यातून येत असतील, तर ते दोन नव्हेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी वीजजाळे कोसळले तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकाच वेळी अंधारात गेल्या. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा पावसाला खाडीच्या अलीकडचे आणि पलीकडचे यांत भेद नसतो. म्हणून मुंबईच्या केंद्राला नवी मुंबईची जोड पुरेशी नाही. दुसरीकडे, अंतर वाढले की दोन्ही ठिकाणी नोंद त्याच क्षणी होणे अवघड होते. यास्तव एक जोडकेंद्र जवळ आणि एक शेकडो कोसांवर, वेगळ्या भूकंपक्षेत्रात, हीच व्यवस्था शहाणपणाची ठरते.

तथापि उत्तम रचनाही सरावावाचून व्यर्थ आहे. सिंगापूरमध्ये १४ ऑक्टोबर २०२३ रोजी एका डेटा सेंटरची शीतकरण यंत्रणा बंद पडली. कंत्राटदाराच्या चुकीमुळे थंड पाण्याच्या झडपा मिटल्या, एवढेच निमित्त. डीबीएस आणि सिटी या दोन्ही बँकांनी आपापल्या पर्यायी केंद्रांकडे धाव घेतली; परंतु एकीच्या जाळ्याची मांडणी चुकलेली होती, तर दुसरीला जोडणीची अडचण आली. सुमारे २५ लाख व्यवहार पार पडू शकले नाहीत. पर्यायी केंद्र दोघींकडेही होते; मात्र गरज पडली तेव्हा ते वेळेवर उभे राहू शकले नाही.

असे का घडते, याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. पर्यायी केंद्र राखण्याचा खर्च बँकेच्या ताळेबंदात पडतो. सेवा बंद पडल्याची किंमत मात्र मुख्यतः खातेदार, दुकानदार आणि गुंतवणूकदार मोजतात. लाभ एकाचा आणि हानी दुसऱ्याची, अशी विभागणी असली की काळजीवरचा खर्च आवश्यकतेहून कमी होतो. खातेदार बँक बदलील आणि स्पर्धेमुळे बँक ताळ्यावर येईल, ही अपेक्षाही पोकळ आहे. कारण कोणत्या बँकेची सेवा किती वेळा, किती काळ आणि कशामुळे थांबली, याचा सविस्तर व तुलनीय तपशील सामान्य माणसाच्या हाती नसतो. नियामकाचा हस्तक्षेप अपरिहार्य ठरतो तो येथे.

तो हस्तक्षेप झाला नाही, असे नव्हे. मुख्य डेटा सेंटरमधील वीज गेल्याने नोव्हेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेची सेवा विस्कळीत झाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने त्या बँकेला नवीन क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली; हे निर्बंध पूर्णपणे उठण्यास मार्च २०२२ उजाडला. सेबीने मार्च २०२१ मध्ये शेअर बाजारांना बजावले, की महत्त्वाची यंत्रणा बिघडल्यास ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करावी आणि तेथून ४५ मिनिटांत कारभार पर्यायी केंद्रावर न्यावा. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी बाजारांनी खास सत्रे भरवून, व्यवहार चालू असताना केंद्र बदलून दाखविले. हे स्वागतार्ह आहे. परंतु शनिवारचे तुरळक व्यवहार ही खरी कसोटी नव्हे. भर कामकाजाच्या दिवशी, पूर्ण भार असताना, पर्यायी केंद्रावरील कर्मचाऱ्यांनीच सलग काही दिवस कारभार चालविला, तरच त्या केंद्राला पर्याय म्हणता येईल.

महाराष्ट्राला या प्रश्नाची आणखी एक बाजू आहे. देशातील सर्वाधिक नागरी सहकारी बँका येथे आहेत आणि स्वतःचे डेटा सेंटर उभारणे त्यांपैकी बहुतेकींच्या आवाक्याबाहेरचे आहे. सामायिक सेवा हाच त्यांचा मार्ग. परंतु जेथे सर्वांची सोय एकत्र येते, तेथे सर्वांचा धोकाही एकवटतो. जुलै २०२४ अखेर सी-एज टेक्नॉलॉजीज या एका सेवापुरवठादार कंपनीवर खंडणीखोरांचा संगणकीय हल्ला झाला आणि देशभरातील सुमारे ३०० छोट्या बँका देयक जाळ्यापासून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. मार्च २०२४ मध्ये नागरी बँकांसाठी शिखर संस्था सुरू झाली आहे. तिने सामायिक केंद्राच्या तपासणीची धुरा घ्यावी. सेवा विकत घेता येते, उत्तरदायित्व विकून टाकता येत नाही.

तीन गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात. प्रत्येक वित्तसंस्थेने वर्षातील ठराविक दिवस पर्यायी केंद्रावरूनच काम करावे. सेवा किती काळ आणि का थांबली, याचा तपशील दर तिमाहीस प्रसिद्ध करावा. आणि खातेदाराला भरपाई मिळावी. एटीएममधून रोकड न मिळताही खात्यातून वजा झालेली रक्कम पाच दिवसांत परत न आल्यास दररोज १०० रुपये देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच घातले आहे. तेच तत्त्व संपूर्ण सेवा ठप्प होण्यालाही लागू करणे न्याय्य ठरेल. यामुळे बँकांचा खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. पण तो खर्च आजही होतोच आहे. केवळ तो ज्याने करावयास हवा, त्याच्या खात्यावर मांडला जात नाही.